दर रविवारची कानबाई

पितांबर पाटलांनी एखादी गोष्ट हातात घेतली, की ती पुरती बिघडेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. अठ्ठ्याण्णव सालच्या आषाढात त्यांनी भावकीची वेबसाइट हातात घेतली.

कारण मोठं होतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातली कानबाई देवी बसायची, ती आजवर थोरल्या कौतिकभाऊंकडे, पाचोऱ्याला. यंदा ती जळगावला, आपल्या घरी आणायची आणि अख्ख्या भावकीनं म्हणायचं, "पितांबरनी करी दखाडं!"

सायबर कॅफेवाल्या अभिमनने वेबसाइटवर एक आयतं कॅलेंडर चिकटवून दिलं. पितांबररावांनी त्याला हळदीचा रंग दिला, वर नारळाचं चित्र बसवलं आणि नेमक्या रविवारी लिहवलं : 'आमच्याकडे कानबाई. रोट खायला सहकुटुंब यावे.'

"काका, हे विचारतंय, कार्यक्रम परत परत येतो का? दरवर्षी टाकू?"

"म्हणजे दरवर्षी हीच तारीख? आणि त्या तारखेला मंगळवार आला तर? अरे, कानबाई तारखेवर बसत नाही, रविवारवर बसते! 'दर रविवारी' टाक."

अभिमनने टाकलं. (तो सोलापूरचा. त्याला कानबाई काय ठाऊक!) ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता (म्हणजे कुणाकडेच नव्हता), त्यांना छापील पानं पोस्टानं गेली.

पहिला रविवार झकास झाला. दुसऱ्या रविवारी सकाळी पहूरचे भिकननाना बावीस माणसं घेऊन दारात उभे.

"मागला रविवारले निंदणी व्हती. कागदवर आज बी शे, म्हनीसन वनूत. कानबाई कोठे शे?"

कानबाईचं विसर्जन मागच्या सोमवारीच झालं होतं. पण भावकीला उपाशी परत कसं पाठवणार? पितांबररावांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी दात-ओठ खात बावीस माणसांचा स्वयंपाक केला. तिसऱ्या रविवारी फैजपूरचे आले, केळीचा घड घेऊन. कौतिकभाऊ तर तिन्ही रविवारी आले. ("कागदवर शे ना!")

"चौथ्या रविवारी मी माहेरी," प्रमिलाबाईंनी जाहीर केलं.

"घाबरतेस काय? कॅलेंडर माझ्या हातात आहे!"

पितांबरराव तडक अभिमनकडे गेले आणि लिहवलं : 'कानबाई नाही. कोणीही येऊ नये.'

"परत परत?" अभिमनने भीत भीत विचारलं.

"दर रविवारी! एकही मोकळा सोडू नकोस. चांगली वर्षा-दीड वर्षाची पानं छाप. पुन्हा कटकट नको."

पुढच्या श्रावणात कानबाई पुन्हा जळगावलाच बसली. चाळीस माणसांच्या हिशेबानं गहू दळले, त्याचे जाडजूड रोट झाले, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी झाली. दुपार टळली तरी दारात कुणी नाही. शेवटी पितांबररावांनी पाचोऱ्याला फोन लावला.

"तुनाच कागद भितवर शे," कौतिकभाऊ शांतपणे म्हणाले. "'येऊ नये.' मंग आम्हीन आठेच कानबाई बसाडी. बठ्ठी भावकी आठेच शे."

अख्खी भावकी पाचोऱ्यात! पितांबररावांनी फोन ठेवला आणि रोटांच्या परातीकडे पाहिलं. कानबाईचे रोट भावकीनंच खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. पौर्णिमा गुरुवारी होती. घरात भावकी म्हणजे ते आणि प्रमिलाबाई, आणि प्रमिलाबाईंचं पोट त्या दिवसापासून नेमकं बिघडलेलं.

मंगळवारी संध्याकाळी ताटात पुन्हा रोट आला.

"प्रमिला, हा परत आला?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"परत परत येई," प्रमिलाबाई भाजी वाढत म्हणाल्या. "पौर्णिमापर्यंत."