उंदराला माणूस करण्याची पद्धत

माणूस होण्यासारखं अवघड काम जगात दुसरं नाही. उंदरालाही ते आपणहून जमत नाही, म्हणून आमच्यासारख्या संस्था लागतात.

एचआयव्ही हा विषाणू माणसाच्या नादी लागलेला. उंदराच्या दारात तो उभासुद्धा राहत नाही. आणि नवं औषध तर आधी कुणा लहान जिवावर वापरून बघावं लागतं. आम्ही उंदराला विषाणू टोचला. उंदरानं मिशा पुसल्या, दाणे खाल्ले, शेपटी गुंडाळली आणि झोपला. पुन्हा टोचला. पुन्हा मिशा, पुन्हा दाणे. (अहवालात याची नोंद 'उंदराचे असहकार्य' अशी आहे.)

तेव्हा संस्थेच्या मोठ्या सरांनी ठरवलं, आधी उंदराचा माणूस करायचा. जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेला उंदीर घ्यावा, त्याच्या अंगात माणसाच्या रक्ताच्या मूळपेशी सोडाव्यात, आणि त्या रुजेपर्यंत त्याला बाळंतिणीसारखं जपावं. हवा गाळलेली, पाणी निर्जंतुक, अंथरूण रोज नवं. शंभरातले साधारण चाळीस दगावतात, तीस उंदीरच राहतात, उरलेले माणसात येतात. (माणसांचा निकाल याहून फारसा बरा नाही.)

माणसात आलेली आमची पहिली उंदरीण म्हणजे छबी. तिला वाढवलं ताईंनी. ताई म्हणजे संस्थेतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शास्त्रज्ञ. टोचतानाही "झालं हं बाळा, झालं" म्हणणाऱ्या. मग छबीला विषाणू टोचला आणि तिची तपासणी पॉझिटिव्ह आली त्या दिवशी मिठाई वाटली गेली. सर पिंजऱ्यापुढे पेढा नाचवत ओरडले,

"लागण झाली! पोरीनं नाव काढलं!"

काही महिन्यांनी छबीवरचा निबंध छापून आला. पुन्हा मिठाई आली आणि त्या आनंदात चहाच्या टेबलावर ताई सहज बोलून गेल्या, "सर, मलाही आहे. बरीच वर्षं झाली. रोज गोळी घेते, आता तपासणीत विषाणू सापडतसुद्धा नाही."

सगळ्यांचे हात मिठाईसकट हवेत राहिले.

इथून पुढे संस्थेची शास्त्रीय शिस्त दिसून आली. एका नळीचं पाणी पिऊन, एकमेकींना चाटूनपुसून छबीच्या पिंजऱ्यातल्या बहिणी लागणीवाचून कोऱ्याच राहिल्या होत्या. तसं आम्हीच त्या निबंधात छापलं होतं. (पान तिसरं, आलेखासह.) परंतु तो निबंध उंदरांविषयी होता. लागण झालेल्या पिंजऱ्याला लाल चिकटपट्टी लावायची आमची पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी तीच पट्टी ताईंच्या कपावर दिसली. चौकशी समिती नेमली. पट्टी आपोआप चिकटली असावी, असा एकमतानं निष्कर्ष निघाला. ताईंच्याच सोयीसाठी त्यांना स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र किटली द्यावी, अशी शिफारसही झाली.

"मला खोली नको, सर," ताई म्हणाल्या. "इतकी वर्षं याच टेबलावर बसले. इथं बसता येणार नसेल, तर मी काम सोडते."

"गैरसमज नको हो ताई! आमचं मन मोठंच आहे. टेबल लहान पडतं."

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात सरांचा फोटो छापून आला. छबी त्यांच्या गालाशी. खाली दोनच शब्द: निर्भय संशोधक.

ताईंनी तो फोटो नीट पाहिला. मग उठून कपावरची पट्टी ओढून काढली, सगळे कप एका पातेल्यात घालून खळखळून धुतले आणि पुसून ओळीनं मांडले. सगळे पांढरे, सगळे सारखे. तेवढ्यात सरांना पित्त झालं, चहा बंद. पाठोपाठ हिशेबनीसांना, मग समितीला. (पित्त मात्र संसर्गजन्य असल्याचं त्या दिवशी सिद्ध झालं.)

आता टेबलाशी ताई एकट्याच बसल्या आहेत. राजीनामा पर्समध्ये आहे. समोरच्या खुर्चीवर कुणी येऊन बसलं, तर तो फाडायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलंय. वाचक सुजाण आहेत, सरांना इथवर मनसोक्त हसलेही आहेत. तेव्हा ती खुर्ची आम्ही तुमच्यासाठीच पुढे ओढली आहे. बसा. चहा ओतलाय.

घ्या की. कपाची कड इतकं निरखून काय बघताय?