जेवणाच्या टेबलावरची सूचनापेटी

पर्यवेक्षकांनी शाळेच्या अडगळीतली सूचनापेटी घरी आणून जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवली, तेव्हा घरात कुणी वाद घातला नाही. खरं तर शंका तेव्हाच यायला हवी होती. पण माणूस हरून हरून थकला, की जिंकल्यावर फारशी चौकशी करत नाही.

शाळेत शिस्त सांभाळणं हे पर्यवेक्षकांचं काम. पूर्वी ते व्हरांड्यात नुसते खाकरले तरी वर्ग चिडीचूप व्हायचे. आता ते खाकरले, तर एखादं पोर खिडकीतून डोकावून "सर, काळजी घ्या" म्हणायचं आणि परत मांडीवरच्या फोनमध्ये डोकं घालायचं. मागच्या सत्रात त्यांनी एका विद्यार्थ्याला जिन्यात गाठून चांगलं फैलावर घेतलं. पोरगं मान खाली घालून ऐकत होतं. आपले शब्द लागले, असं वाटून सरांचा आवाज मऊ झाला, तेव्हा ते म्हणालं, "सर, शेवटचं वाक्य परत म्हणता का? मधेच रेकॉर्डिंग बंद पडलं." संध्याकाळपर्यंत ते बोलणं मागे ढोल वाजवून गावभर झालं होतं. पर्यवेक्षकांना ते घरच्या जेवणाच्या टेबलावर ऐकायला मिळालं, आणि हसणारा त्यांचा स्वतःचा मुलगा होता.

त्या दिवसापासून त्यांनी पक्कं केलं, की शाळा गेली खड्ड्यात, निदान घरात तरी आपला शब्द पाळला गेला पाहिजे. दुसऱ्याच दिवशी पेटी आली. भक्कम लाकडी, वर पत्र टाकायला असते तशी फट. शाळेत ती बरीच वर्षं होती. तिच्यात सूचना कधीच पडली नाही, चॉकलेटचे कागद मात्र पुष्कळ पडले. तिला कुलूप कोणतं लावावं, हे त्यांनी धाकट्याला विचारलं. धाकटा नववीत होता आणि अशा बाबतीत घरात त्याचाच शब्द शेवटचा.

"हे घ्या," त्याने फोनवर चित्र दाखवलं. "बटण दाबलं की तुमच्या फोनवर कोड येतो. तो टाकला की उघडतं. किल्ली हरवायची भीती नाही."

"म्हणजे माझ्याशिवाय कुणालाच उघडता येणार नाही?"

"कुणालाच नाही, बाबा."

हे वाक्य पर्यवेक्षकांना फार आवडलं. नियम ठरला. जेवायला बसण्याआधी प्रत्येकाने आपला फोन फटीतून आत टाकायचा आणि जेवण झाल्यावर तो परत मिळायचा. कोड यायला हवा म्हणून पर्यवेक्षकांचा फोन तेवढा बाहेर राहायचा. बायको म्हणाली, "अहो, माझ्या आईचा फोन याच वेळेला येतो." ते म्हणाले, "अपवाद नाही." ती गप्प बसली. थोरली कॉलेजात शिकत होती आणि मत मांडल्याशिवाय तिचा घास उतरत नसे. तीही गप्प बसली. फोन आत पडायचे, धप, धप, धप. तो आवाज ऐकला, की पर्यवेक्षकांना शांत झोप लागायची. जेवण झाल्यावर ते पेटीचं दार उघडून अदबीने पाठ फिरवायचे, आणि ज्याने त्याने आपापला फोन उचलून न्यावा. कुणाच्या फोनकडे बघायचं नाही, हा त्यांचा सभ्यपणा होता.

आणि खरोखर घर बदललं. धाकटा जेवताना बोलायला लागला. नुसता बोलायला नाही, तर प्रश्न विचारायला लागला. "बाबा, लहानपणी तुमचा जवळचा मित्र कोण होता?" "बाबा, तुम्हाला शिक्षक का व्हावंसं वाटलं?" पर्यवेक्षकांचा घास हातातच राहायचा. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. ते सांगत बसायचे आणि पोरं खाली मान घालून ऐकायची. त्या खाली घातलेल्या माना पाहून त्यांचा ऊर भरून यायचा.

हे सगळं त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, मग जरा रंगवून सांगितलं, आणि ते संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर गेलं. मुख्याध्यापक निवृत्त होणार होते. अध्यक्ष म्हणाले, "शाळेत ही योजना आणता येईल. पण आधी बघू तरी द्या. येतो जेवायला."

अध्यक्ष आले. बायकोने ठेवणीतली ताटं काढली. पोरं नीट कपडे घालून बसली. पर्यवेक्षकांनी पेटीकडे हात केला आणि एकही शब्द न बोलता सगळे उठले. धप. धप. धप. अध्यक्षांनी कौतुकाने मान हलवली, कोटातून स्वतःचा काळाभोर फोन काढला आणि आत टाकला. धप. मग त्यांनी यजमानांकडे पाहिलं.

"आणि तुमचा?"

"माझा... त्याचं असं आहे सर, की..."

"साहेब, वरच्यांनी आधी करून दाखवावं लागतं. तरच खालचे ऐकतात."

मुख्याध्यापकाची खुर्ची डोळ्यांसमोर असताना माणूस दोन पावलं पुढचा विचार करत नाही. पर्यवेक्षकांनी आपला फोन काढला. त्याला पाकिटासारखं जाड कव्हर होतं. फटीत अडकला, तर त्यांनी अंगठ्याने दाबून ढकलला. धाकट्याने तोंड उघडलं होतं, पण थोरलीने टेबलाखालून त्याला पाय मारला, तेव्हा ते त्याने मिटलं.

जेवण सुरेख झालं. मधेच धाकट्याने खाली मान घालून विचारलं, "बाबा, तुम्हाला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा वाटतो?"

पर्यवेक्षकांनी घास खाली ठेवला. "तुमचा रे," ते म्हणाले, आणि पाहुण्यांसमोर त्यांचा आवाज कापला. अध्यक्षांनी रुमाल काढून चष्मा पुसला. तिथेच ती संध्याकाळ संपली असती, तर या जगात एक माणूस सुखी झाला असता.

पण हात धुऊन झाल्यावर पर्यवेक्षक ऐटीत पेटीपाशी गेले आणि त्यांनी कुलपाचं बटण दाबलं. पेटीच्या आतून आवाज आला, टिंग.

"आला," धाकटा म्हणाला.

"काय आला?"

"कोड."

पर्यवेक्षकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा टिंग. पेटी अगदी आज्ञाधारकपणे उत्तर देत होती, पण आतल्या आत. त्यांनी अंदाजाने आकडे दाबून पाहिले. जन्मतारीख झाली, लग्नाची तारीख झाली. ती चुकली असं बायकोने मागून सांगितलं. शेवटी कुलपाचा दिवा लाल झाला आणि ते मुकाट बसलं.

"अहो, शेजारून फोन करा कंपनीला," बायको म्हणाली.

"शेजारचे गावाला गेलेत ना."

"घाई नाही," अध्यक्ष आरामखुर्चीत टेकून म्हणाले. फोन आत अडकलेल्या माणसाच्या मानाने ते फारच निवांत होते. "मला काही गडबड नाही. चहा चालेल."

पर्यवेक्षकांनी स्वयंपाकघरातून लांब चिमटा आणला आणि फटीत घातला. "फटीतून आत गेलं ते फटीतून बाहेर येईल," ते म्हणाले. "एकेक काढतो."

"बाबा, राहू द्या," थोरली म्हणाली.

"राहू द्या काय? सरांचा फोन आहे आत."

"बाबा, खरंच राहू द्या."

चिमट्यात काहीतरी आलं. थोरलीचं फुलाफुलांचं कव्हर. पर्यवेक्षकांनी ते अलगद बाहेर ओढलं आणि पुसायला म्हणून उलटं केलं. कव्हरमध्ये अंगाच्या साबणाची वडी होती. बेताने तासून कोपरे गोल केलेली. खोलीत मंद वास पसरला.

पर्यवेक्षकांनी पुन्हा चिमटा घातला. या खेपेला धाकट्याचं कव्हर आलं. आत लाकडाची गुळगुळीत पट्टी, वर काळा रंग.

"हे काय आहे?"

"हस्तकलेच्या तासाला केली," धाकटा म्हणाला. "सगळ्या वर्गाने केल्यात. सर म्हणाले, फिनिशिंग छान आहे."

तिसऱ्यांदा बायकोचा जुना फोन निघाला. पडून काच तडकल्यावर पर्यवेक्षकांनीच तो भंगारात द्यायला सांगितला होता. ते तिच्याकडे वळले. तेवढ्यात तांदळाच्या डब्यामागून घंटी वाजायला लागली.

"आईचा असणार," बायको म्हणाली आणि पदराला हात पुसत आत गेली. "मी सांगितलं होतं तुम्हाला."

पर्यवेक्षक खुर्चीवर बसले. हातात चिमटा तसाच होता. "म्हणजे रोज," ते म्हणाले, "रोज तुम्ही मला फसवत होता."

"फसवत कुठे होतो," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात अपराधीपणा नव्हता, उद्धटपणाही नव्हता. गणित समजावून सांगावं तसा तो बोलत होता. "तुम्हाला पेटीत काहीतरी पडायला हवं होतं. ते पडत होतं."

"बाबा, तुम्ही किती खूश होता," थोरली म्हणाली. "ओरडायचं थांबला होता. आम्ही ठरवलं, चाललंय तर चालू दे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं."

आपल्याला पोरं घाबरत नाहीत, हे पर्यवेक्षकांना ठाऊक होतं. पोरं आपली कीव करतात, हे मात्र नवीन होतं. धाकटा पाणी आणायला उठला, तसा त्याच्या मांडीवरून खरा फोन घसरून खाली पडला. अध्यक्षांनी वाकून उचलला आणि सवयीने वाचला. "वडिलांना विचारण्यासारखे प्रश्न," ते मोठ्याने म्हणाले. "अभिमान कशाचा वाटतो, हा झाला. पुढचा आहे, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

धाकटा पहिल्यांदाच लाजला. "तो उद्याचा आहे," तो म्हणाला.

पर्यवेक्षकांनी चिमटा पुन्हा फटीत घातला. निदान सरांचा फोन तरी काढून द्यावा, एवढीच लाज राखायची राहिली होती. काळाभोर फोन चिमट्यात आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी पुढे केला. तो फारच हलका लागला. मागची बाजू उघडी होती आणि आत बॅटरीच नव्हती.

अध्यक्षांनी दुसऱ्या खिशातून चालता फोन काढला आणि ड्रायव्हरला गाडी आणायला सांगितली. "आमच्या सूनबाई जेवताना फोन मागून घेतात," ते म्हणाले. "तेव्हापासून हा बाळगतो. मीटिंगलाही बरा पडतो, टेबलावर उपडा ठेवला की लोकांना वाटतं आपलं लक्ष आहे."

म्हणजे पेटीत खरा फोन एकच होता, आणि तो जाड कव्हरामुळे काही केल्या बाहेर येत नव्हता. चिमट्याचा धक्का लागला की आतल्या आत उलटायचा.

पर्यवेक्षक अध्यक्षांना खाली गाडीपर्यंत सोडायला गेले. मुख्याध्यापकपद गेलं, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं. गाडीत बसताना अध्यक्ष म्हणाले, "सोमवारपासून सुरू करा. प्रत्येक वर्गात एक पेटी."

"पण सर, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना?"

"पाहिलं की. आरडाओरड नाही, हिसकाहिसकी नाही. सगळी कशी रांगेने उठली. पालकांना एवढंच तर हवं असतं." मग त्यांनी काच खाली केली. "आणि मुख्याध्यापक म्हणून सही आता तुम्हीच करायची."

वर आल्यावर पाहतात तो पेटी उघडी. धाकट्याने मागच्या बिजागरीचे स्क्रू काढले होते आणि फोन टेबलावर नीट पुसून ठेवला होता.

"तुला हे येत होतं? मग सर असताना का नाही उघडलीस?"

"पाहुण्यांसमोर तुमची पेटी मागून उघडायची," धाकटा म्हणाला, "बरं दिसत नाही ना, बाबा."

सोमवारी शाळेत रांगा लागल्या. इतक्या सरळ रांगा पर्यवेक्षकांनी उभ्या नोकरीत पाहिल्या नव्हत्या. पोरं एकेक करून पुढे येत होती, पेटीत आपापलं टाकत होती, वर "थँक यू सर" म्हणत होती. नवे मुख्याध्यापक दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांना आता कान आले होते. हा साबण, हे लाकूड, ही फरशी, हा कुणाच्या तरी आजोबांचा जुना फोन. ज्या आवाजाने झोप लागायची, तो दिवसभर कानावर पडत राहिला. शेवटी शिक्षकांची पेटी फिरली, तेव्हा हस्तकलेच्या सरांनीही त्यात काहीतरी टाकलं. त्यालाही फिनिशिंग छान असावं.

संध्याकाळी घरी ताटं मांडली गेली. पेटी कुणी हलवली नव्हती, स्क्रूसुद्धा परत बसवलेले होते. बायकोने तडकलेला फोन टाकला, थोरलीने तिची वडी टाकली, धाकट्याने पट्टी टाकली. मग तिघंही थांबली. मुख्याध्यापकांनी खिशातून आपलं जाड कव्हर काढलं आणि अंगठ्याने दाबून आत ढकललं. आतून मऊ आवाज आला. साबण त्यांनी सकाळीच न्हाणीघरातून उचलला होता.

धाकटा वडिलांच्या तोंडाकडे बघत होता. मान वर करून, सरळ. मांडीवर काही नव्हतं.

"बाबा, साबणाचा आवाज येतो," तो हळूच म्हणाला. "लगेच कळतं. शाळेत तुम्हाला कुणीतरी पकडेल. मी उद्या तुमच्या मापाची पट्टी करून आणू का? लाकडाची?"

हा प्रश्न त्याने कुठेही वाचून विचारलेला नव्हता. पोराला आपली खरोखर काळजी वाटते, हे कळून मुख्याध्यापकांचे डोळे भरून आले.

"आण," ते म्हणाले. "जरा जाड कर."