निवृत्तीअण्णांची हरकत

निवृत्तीअण्णा आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये डोक्यावरून ब्लँकेट घेऊन बसले होते आणि आतून वर्तमानपत्र वाचत होते.

"कांदा उतरला," ब्लँकेटमधून आवाज आला. मग थोडं थांबून, "साहेब, तुमच्या पंख्याला पाती तीन हायेत. मला आतून समदं दिसतंय. कागदावर घ्या."

ब्लँकेट त्यांचं नव्हतं. त्यांच्यापेक्षा अकरा रुपये कमी दर भरलेल्या दुसऱ्या पुरवठादाराचा तो नमुना होता.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात निविदांचं टेबल सांभाळायचो. आश्रमशाळांना लागणारी ताटं, ट्रंका, सतरंज्या, ब्लँकेटं, सगळ्यांच्या निविदा माझ्याकडून जायच्या आणि जवळजवळ प्रत्येकीच्या मागोमाग अण्णांची हरकत यायची. अण्णा मूळचे चांदवडचे. पंचवटीत त्यांचं चादरी-ब्लँकेटचं लहानसं दुकान होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दुपारी दुकानाला कुलूप लावायचं आणि आमच्या बाकावर येऊन बसायचं, हा त्यांचा नेम.

पाकिटं उघडायच्या दिवशी ते भिंग घेऊन यायचे आणि प्रत्येक पाकिटावरचं लाखेचं सील तपासायचे. एकदा तर त्यांनी आमच्या भिंतीवरच्या घड्याळावरच हरकत घेतली. घड्याळ चार मिनिटं मागे आहे, म्हणून एक उशिरा आलेलं पाकीट वेळेत धरलं गेलंय, असं त्यांचं म्हणणं. पाहिलं तर ते पाकीट त्यांचंच.

"अण्णा, तुमचंच बाद होईल," मी म्हणालो.

"होऊ द्या की भाऊसाहेब. चूक ती चूक. कागदावर घ्या."

साहेबांनी पाकीट बाद केलं. अण्णा अगदी समाधानानं घरी गेले.

तर ते ब्लँकेट. नमुना वजनात बसत होता. अण्णांचं म्हणणं, ते वजन लोकरीचं नाही, खळीचं आहे. "एकदा धुवा, खळ निघून जाईल, मग काट्यावर टाका." धुवायला ते बादली आणि साबणही घेऊन आले होते. साहेबांनी कार्यालयात धुणं धुवायला नकार दिला आणि हरकत फेटाळली. अण्णांनी वर अपील केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना स्थगिती मिळाली. त्या दिवशी त्यांनी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. कमी दरवाल्याची ब्लँकेटं शहरातल्या गोदामात पडून राहिली.

दिवाळी झाली, थंडी पडली. सुनावणीच्या तारखा पुढे पुढे जात राहिल्या. एक दिवस पेठकडच्या एका आश्रमशाळेचे मुख्याध्यापक माझ्या टेबलापाशी आले.

"ब्लँकेटं कधी येणार, भाऊसाहेब? जुनी फाटली. दोघादोघांत एक पुरवतोय."

मी बाकाकडे पाहिलं. अण्णांनी ऐकलं होतं.

"किती पोरं?" त्यांनी विचारलं.

"दोनशेच्या वर."

मुख्याध्यापक निघाले तेव्हा अण्णाही उठले आणि त्यांच्याबरोबर पेठच्या एसटीत बसून गेले.

दोन दिवस बाक रिकामा होता. तिसऱ्या दिवशी ते आले, दाढी वाढलेली. म्हणाले, "अपील मागं घ्यायचा फॉर्म असतो का?"

"फॉर्म नसतो, साधा अर्ज चालतो. पण का?"

त्यांनी टोपी काढून तिची घडी केली. "पोरं रातभर कुशी बदलत्यात, भाऊसाहेब. एक उघडा पडला की दुसऱ्याचं ओढतो. सकाळी प्रार्थनेला दप्तरं छातीशी धरून उभी. एक पोरगी, पहिलीतली असेल, मला म्हणाली, बाबा, तुम्ही ब्लँकेटवाले का? मी हो म्हणलो. मग म्हणाली, ब्लँकेटं कुठंत?"

"मग?"

"म्हणलो, येऊन राह्यलीत."

मी कोरा कागद पुढे केला. खळीचं तुम्ही बरोबर सांगत होता, असंही म्हणालो, कारण मला तसंच वाटायचं.

"बरोबरच हाय. दोन धुण्यांत त्याची जाळी होईल. पण या थंडीला तेवढं पुरंल." त्यांनी अर्ज लिहिला. कारणाच्या जागी काय लिहायचं ते सुचेना, म्हणून जागा तशीच सोडली आणि खाली सही केली.

चारपाच दिवसांत स्थगिती उठली. ट्रक भरायचा होता त्या सकाळी मी यादी घेऊन गोदामावर गेलो, तर अण्णा कानाला मफलर बांधून ड्रायव्हरशेजारी बसलेले. कमी दरवाल्याचा माणूस खाली उभा राहून त्यांना समजावत होता.

"अण्णा, माल आमचा. बिल आमचं. तुम्ही कशाला एवढ्या लांब?"

अण्णा समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत होते.

"त्या पोरीला मी सांगून आलोय," ते म्हणाले. "माझ्याशिवाय ट्रक गेला, तर तिला काय कळंल?"

तो माणूस बाजूला झाला. ट्रक पेठ रोडला लागला.