सदाशिवराव खाली बसले

"बसणार म्हणजे? राष्ट्रगीत चालू असताना खाली बसणार?" सदाशिवरावांनी बशी अशी आपटली की अर्धा चहा त्यांच्याच पायजम्यावर सांडला.

"मैदानातच बसणार. मुरमावर," त्यांची नात गुंजन गुडघ्याला हळद लावत म्हणाली. "उद्या सेमीफायनल जिंकली की फायनलच्या आधी राष्ट्रगीत होते ना, तवा आमची पूर्ण टीम बसणार आहे."

सदाशिवराव म्हणजे हिंगणीचे निवृत्त क्रीडाशिक्षक. माणूस भला, पण राष्ट्रगीताच्या बाबतीत भलताच कडक. क्रिकेटच्या मॅचआधी टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं की हा गृहस्थ उष्ट्या हातानं ताठ उभा राही आणि बायकोलाही तव्यावरची पोळी सोडून उभं करी. त्या घरानं देशासाठी बऱ्याच पोळ्या जाळल्या होत्या. आणि त्याच घरातली पोरगी, महिला कबड्डी संघाची कॅप्टन, आता म्हणते बसणार!

"काऊन पण? एवढा काय तरास झाला तुम्हाले?"

"पोरांच्या मॅचा मॅटवर अन् आमच्या मुरमावर. क्रीडा मंडळाची मॅट तिथंच मैदानाच्या कडेले गुंडाळून पडली राह्यते, त्याच्यावर लोकं बसून तंबाखूचा खर्रा खाते. अध्यक्ष भैयाजीले म्हटलं टाका, त म्हणते मॅट खराब होईन. आमचे गुडघे खराब झाले त चालते."

"मंग अर्ज द्या ना."

"देल्ला. भैयाजी म्हणे, पाहू."

"अवं पण भांडण तुमचं भैयाजीशी. देशानं काय बिघडवलं तुमचं? राष्ट्रगीताले काऊन मधात आनता?"

"देशावर राग नाई आबाजी. पण एरवी आमच्याकडं पाह्यते कोण? आम्ही खेळतो तवा लोकं चहा प्यायले जाते. राष्ट्रगीताच्या वक्ताले कोणी जात नाई, कोणी बोलत नाई. तवाच त दिसन."

सदाशिवरावांचा आवाज आणखी चढला. "माह्या नातीनं हे केलं त मी गावात तोंड दाखवायचो नाई. सांगून ठेवतो."

"पोरीचा गुडघा पाह्यला काय तुम्ही?" आतून गुंजनची आजी धुरपताबाई म्हणाल्या.

"गुडघे फुटतच असते. आमचे नाई फुटले?"

ते खरं होतं. सदाशिवरावांचा उजवा गुडघा तरुणपणी त्याच मैदानातल्या मुरमानं खाल्ला होता. खाली बसले की त्यांना उठायला कुणाचा तरी हात लागे. पण विचारलं की ते थंडीचं नाव सांगत.

त्या संध्याकाळी ते तडक मंडपवाल्या धीरजकडे गेले. मैदानावरचा लाऊडस्पीकर त्याच्याच हातात असायचा.

"धीरज, उद्या फायनलच्या आधी अनाऊन्समेंट करायची नाई. पोरी रांगेत उभ्या झाल्या की मी हा खांद्यावरचा दुपट्टा झटकीन. झटकला की राष्ट्रगीत लाव. अचानक."

"अचानक काऊन सर?"

"त्यायच्या पायात मी शिकवलेलं सावधान आहे. बसायचं आठवायच्या आधीच पाय जुळते का नाई पाहा."

धीरज त्यांचाच विद्यार्थी. "तुमच्या दुपट्ट्यावरून नजर हालवत नाई सर," तो म्हणाला, आणि इथंच घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सदाशिवराव पांढराशुभ्र दुपट्टा खांद्यावर टाकून मैदानात पोचले. मंडळाचे अध्यक्ष भैयाजी पहिल्या रांगेत तर्री-पोहे खात बसले होते. शेजारची खुर्ची त्यांनी सरांना दाखवली. आता आपल्याकडचा माणूस खुर्चीवर नुसता बसत नाही. खुर्ची घरची असो, लग्नातली असो की आत्ताच कुणी पुसून ठेवलेली असो, दुपट्ट्यानं दोनदा फटाफट झटकल्याशिवाय त्याचं बूड टेकत नाही. सदाशिवरावांनी दुपट्टा काढला आणि खुर्ची झटकली.

धीरजनं बटन दाबलं.

सगळं मैदान धडपडत उठलं. भैयाजींच्या मांडीवरची प्लेट उलटली आणि तर्रीचा लाल रस्सा पांढऱ्या पँटवरून खाली ओघळला, पण ते सावधानमध्ये होते, पुसणार कसे? भज्यावाला कढईसमोर ताठ उभा आणि कढईतली भजी काळी पडत चाललेली. सदाशिवरावांना धीरजकडे धावत जाऊन त्याचा कान धरावासा वाटत होता. पण राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नसतं, हे गावाला त्यांनीच शिकवलं होतं.

"कोण लावलं बे हे?" राष्ट्रगीत संपल्यावर भैयाजी पँटकडे पाहत ओरडले.

"टेस्टिंग असन," सदाशिवराव पुटपुटले. मूर्ख आहे लेकाचा, असं मनात म्हणत ते बसायला वळले आणि रागारागात खुर्ची आणखी जोरात झटकली.

पुन्हा लागलं.

या वेळी ताठ उभं असतानाच त्यांच्या डोक्यात उजेड पडला. आपण दुपट्टा झटकतो आणि ते पोरगं इमानानं सांगितल्याप्रमाणे करतं. चूक धीरजची नव्हती, म्हणून त्यांना त्याचा जास्तच राग आला. दुसरा कुणी असता तर जाऊन म्हणाला असता, "राहू दे." पण डाव सोडला तर पोरी बसल्या असत्या, आणि नवी खूण सांगायला गेलं तर हे कुणाचं काम ते भैयाजींना कळलं असतं. सदाशिवरावांनी ठरवलं, आता खुर्चीला हात लावायचा नाही, उभंच राहायचं.

आणि उभे राहिले. सेमीफायनलचा पूर्ण खेळ उन्हात उभे. लोक म्हणत, "बसा ना सर." सर म्हणत, "ठीक आहे मी." गुडघा आतून ठणकू लागला. समोर गुंजन चढाईला गेली, तिच्या पायाला मिठी पडली आणि ती मुरमावरून घसपटत रेषेपर्यंत आली. कालची खपली निघाली, रक्त नडगीवरून मोज्यात उतरलं. पॉइंट मिळाला. गुडघ्याकडे न पाहताच ती परत जागेवर गेली. सदाशिवरावांनी मान फिरवली, तर पलीकडे गुंडाळलेल्या मॅटवर मंडळाची माणसं आरामात बसलेली. मॅट खराब होत नव्हती, एवढं मात्र खरं.

गुंजनचा संघ जिंकला. फायनलआधी पोरी मैदानाच्या मधोमध श्वास घेत उभ्या होत्या. शेवटचं समजवावं म्हणून सदाशिवराव लंगडत तिथं गेले.

"गुंजन, ऐक माह्यं. बसू नको."

"आबाजी, तुम्ही आधी बसा. पाय कापून राह्यले तुमचे."

पाय खरंच कापत होते. गुडघ्यानं आता साफ नकार दिला होता. सदाशिवरावांनी खाली पाहिलं, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि जन्माच्या सवयीनं बसायच्या आधी मुरूम झटकला.

बूड टेकायला आणि राष्ट्रगीत सुरू व्हायला एकच गाठ पडली.

पोरींचे पाय खाडकन जुळले. सात जणी ताठ उभ्या आणि त्यांच्या मधोमध सदाशिवराव मुरमावर बसलेले. त्यांनी हात टेकून उठायचा प्रयत्न केला. मुरूम तळव्यात घुसला, गुडघा जागचा हलला नाही. गुंजन हात द्यायला वाकणार होती, पण त्यांनीच डोळ्यांनी दटावलं. सावधान म्हणजे सावधान. कुणालाच हलता येत नव्हतं, त्यामुळे सगळा गाव नुसता त्यांच्याकडे पाहत होता. आयुष्यात पहिल्यांदा राष्ट्रगीत चालू होतं आणि सदाशिवराव खाली होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

राष्ट्रगीत संपलं. मग तर्रीच्या डागावर रुमाल धरून भैयाजी माईकपाशी आले. "सर, तुमच्यासारखा माणूस राष्ट्रगीताले खाली बसते? अशी काय चूक झाली आमची?"

माईक सदाशिवरावांच्या पुढ्यात आला. "गुडघा धरला," एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. अब्रू जागच्या जागी परत आली असती. सदाशिवरावांनी तोंड उघडलं. नेमका त्यांच्या डोळ्यांसमोर गुंजनचा गुडघा होता. हळद, माती आणि रक्त. तळव्यात रुतलेले खडे अजून टोचत होते.

"मॅट कवा टाकता, ते सांगा," सदाशिवराव म्हणाले.

"टाकू ना सर. तुम्ही उठा त आधी."

"आधी टाका. तोवर मी उठत नाई."

यात खोटं काहीच नव्हतं.

लोकांतून कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे सरायचं." मग दुसरं म्हणालं. भज्यावाल्यालाही जळलेल्या भज्यांचा राग होताच, त्यानं झारा कढईवर आपटला. भैयाजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि मॅटवर बसलेल्यांना उठवलं.

मॅट उलगडली गेली तेव्हा गुंजननं बगलेत हात घालून आजोबांना उभं केलं. "आबाजी, आमच्यासाठी बसले तुम्ही?" तिनं विचारलं. सदाशिवराव नुसतं "हं" म्हणाले. एवढ्या लोकांत खोटं बोलायचं जिवावर आलं होतं आणि खरं सांगायचं त्याहून.

मग भैयाजींनी स्वतः अनाऊन्समेंट केली आणि फायनलचं राष्ट्रगीत रीतसर झालं. पोरी मॅटवर सरळ उभ्या राहिल्या. सदाशिवराव खुर्चीची पाठ धरून एका पायावर ताठ उभे होते.

मॅच सुरू झाली. ते बसायला वळले आणि हात आपसूक खांद्यावर गेला. तिकडे धीरजचं बोट बटनावर सरसावलं. मागच्या दोन रांगा खुर्च्यांतून अर्ध्या उठल्या. भैयाजींनी पोह्यांची नवी प्लेट घट्ट धरली.

सदाशिवरावांनी हात सावकाश खाली घेतला आणि धुळीनं भरलेल्या त्या खुर्चीवर तसेच बसले.