लाकडी पट्टीचा मान

आमच्या गावाच्या वेशीवर ‘येथून ओक्सितानी सुरू’ असा फलक लावण्याचं सीमा-निश्चिती समितीने एकमताने ठरवलं. समितीचा अध्यक्ष मीच. ओक्सितान या दक्षिण फ्रान्सच्या जुन्या भाषेच्या गोडव्यावर मी तासन्‌तास बोलू शकतो, अर्थात फ्रेंचमध्ये. समितीचं कामकाजही फ्रेंचमध्येच चालतं, कारण ते सगळ्यांना कळायला हवं.

अट एकच होती: ही भाषा जन्मापासून बोलणारं एक तरी जिवंत माणूस गावात हवं. आम्ही घरोघर फिरलो. जो तो म्हणे, “छे हो, आमच्यात नाही. पलीकडच्या गावात बोलतात.” पलीकडच्या गावाने त्याच्या पलीकडे बोट दाखवलं. सीमा रोज दक्षिणेला सरकत होती. आणखी आठवडाभरात ती थेट समुद्रात गेली असती.

शेवटी आमच्या चिटणीस इव्हेतबाई माझ्याच घरी खुराड्यामागे दबा धरून बसल्या. तिथे माझी एकोणनव्वद वर्षांची आई, लेओनी, कोंबड्यांना अस्खलित ओक्सितानमध्ये झापताना रंगेहाथ सापडली.

मला भयंकर वाईट वाटलं. “आई, कोंबड्यांशी बोलतेस आणि माझ्याशी साठ वर्षांत एक शब्द नाही?”

“कोंबड्यांना कुठं शाळेत जायचं होतं?” आई म्हणाली.

रविवारी अनावरण झालं. पहिला मान आईचा. चेस्टनटच्या लाकडाची सुबक पट्टी दोरीत ओवून मी तिच्या गळ्यात घातली. टाळ्या पडल्या. आई मात्र पांढरीफटक.

“मार्शियाल, अरे, हीच ती! शाळेत आपली भाषा बोललं की बाई हीच गळ्यात घालायच्या. मग दुसरं कुणी बोलताना सापडलं की त्याच्या गळ्यात टाकायची. शाळा सुटताना जिच्या गळ्यात, तिला छड्या.”

“अगं, हा सन्मान आहे. तुझ्या भल्यासाठीच.”

“बाईपण हेच म्हणायच्या.”

“मग काढून ठेव ना!”

“तशी काढता येत नाही. पुढच्याला द्यावी लागते.”

आणि ती पहिल्या रांगेत कान टवकारून बसली. मातृभाषेच्या प्रेमावर सात भाषणं झाली. मी एकटाच चाळीस मिनिटं बोललो. इव्हेतबाईंना तर रडू आवरेना. पण ओक्सितानमध्ये जीभ कुणाचीच घसरली नाही.

मंडप रिकामा झाला. आई माझी बाही धरून म्हणाली, “बाळा, तू तरी बोल की एखादा शब्द. मान काचतेय रे.”

मी तोंड उघडलं. काही आलंच नाही. मग तिचे आभार मानले, फ्रेंचमध्ये.

पट्टी अजून तिच्या गळ्यातच आहे. तरी विनंती: हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आपल्या आईची भाषा घरात स्वतःच्या मुलांशी बोलताना आढळल्यास समितीस त्वरित कळवावे. म्हातारी पट्टी घेऊन कुठेही यायला तयार आहे.