हिरामण काका आणि तिखाडीची तारीख

हिरामण काकांच्या खिशात पेन नसतो, सुतळी असते. बरोबर दीड हात. गावजेवणाची पंगत बसली की काका ती काढून दोन पत्रावळींमधलं अंतर मोजतात आणि चिकटून बसलेल्याला उठवून पलीकडे बसवतात. लेकीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांचीच खुर्ची सरकवली. "दाटी झाली का जीव गुदमरते भाऊ," एवढंच त्यांचं म्हणणं. व्याही दोन वर्षं रुसले होते.

हे सगळं वेड तिखाडीपायी. तिखाडी म्हणजे आमच्या रानातलं सुवासिक गवत. पान चुरगळलं की जवळपास गुलाबाचा वास येतो. तिचं तेल काढायची माझी भट्टी कळंबच्या रस्त्याला आहे आणि काकांचा तांडा तिच्या मागेच. तांड्यावर सगळे कापूस, तूर, सोयाबीन पेरतात. काकांनी मात्र दोन एकरांत तिखाडीचे सहा पट्टे पाडले. दोन मृगात, दोन त्यानंतर महिन्याभरानं आणि दोन पोळा झाल्यावर. प्रत्येक जोडीतला एक पट्टा दीड हाताच्या अंतरावर लावलेला, दुसरा हातभराच्या. तांडा हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

मग एकदा मी ते वावर पाहिलं आणि हसणं विसरलो. मृगात दीड हातावर लावलेले ठोंब असे माजले होते की कवेत मावेनात. पोळ्यानंतर तशीच विरळ लावलेली तिखाडी मात्र केविलवाणी, मध्ये नुसती माती. आणि तिच्याच शेजारी, त्याच दिवशी हातभरावर लावलेला पट्टा चक्क भरलेला!

"उशीर झाला तं जवळजवळ लावा लागते," काका म्हणाले. "येकटं पडलं का उशिराचं रोप धीर सोडते."

चौथीत शाळा सुटलेला हा माणूस हे सगळं नुसतं बघून बघून शिकला होता. खरं सांगतो, त्यांच्यासमोर मला लहान झाल्यासारखं वाटलं.

कापणीच्या बाबतीत तर काका घड्याळापेक्षा कडक. तुरे फुलल्यावर आठ-दहा दिवसांत विळा लागलाच पाहिजे, नाहीतर तेल उडालं म्हणून समजा. शेजाऱ्याची कापणी चार दिवस लांबली, तर काका आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

यंदा भट्टीवर त्यांची पाळी आली आणि काकाच आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी वावरात गेलो. तुरे पिकायला लागले होते आणि काका कमरेला विळा खोचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नुसते बसलेले.

"काका, तेल उडून राह्यलं ना! कायले थांबले?"

"जमना नाही ना."

जमनाकाकू डोळ्याचं ऑपरेशन करून पांढरकवड्याला लेकीकडे होत्या.

"पुढं थे कापते, मांगं मी पेंढ्या बांधतो," काका म्हणाले. "आजवर मी कदी विळा लावलाच नाही."

"मग फोन करून विचारा त्यायले."

"इचारलं तं थे म्हनन, कापा. मंग कापा लागन."

पंगतीत माणसं उठवणारा हा माणूस पायाजवळची काडी मोडत बसला होता. मीच फोन लावला. काकूंनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"तुरे कोठवर आले?"

मी खरं ते सांगितलं.

"डॉक्टर महिनाभर धुळीत जाऊ देत नाही. त्यायच्या खिशात फोन ठेवा अन् म्हना, कापा. मी आयकून राह्यली."

मी स्पीकर सुरू करून फोन काकांच्या खिशात ठेवला. काका उठले. पहिली ओळ अर्धी झाली असेल नसेल, खिशातून आवाज आला.

"विळा बोथट हाये तुमचा. पाजवून घ्या."

इतक्या लांबून, नुसत्या करकरीवरून! काकांनी निमूटपणे दगडावर विळा पाजवला आणि पुन्हा वाकले. मी भट्टी पेटवायला निघालो.

"दमले असान तं बसा थोडे," काकू म्हणत होत्या.

"नाही दमलो. कापतो ना," काका म्हणाले. "तू फकस्त फोन ठेऊ नोको."