कळीवरचा डाग

चंद्रकलाबाईंच्या ब्रह्मकमळाला पाच पावसाळ्यांनंतर पहिल्यांदा कळी धरली, आणि भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरातल्या त्या क्वार्टरात श्यामरावांना बिनसाखरेचा चहा मिळू लागला. बाईंचं चित्तच ठिकाणावर नव्हतं. त्याला कारणही तसंच होतं. झाडाचं पान दिलं होतं समोरच्या क्वार्टरातल्या रत्नाबाईंनी. त्यांच्या कुंडीत दरवर्षी फुलं लगडायची, इकडे नुसती पानं. यावर रत्नाबाई भजन मंडळात सगळ्यांदेखत बोलून गेल्या होत्या, "पान तं मी देलं बाई, आता हातगुण कुठून देऊ?"

ते वाक्य चंद्रकलाबाईंनी गिळलं होतं, पण पचलं मात्र नव्हतं.

"फूल उमलताना पुरा पिक्चर पायजे मले," त्यांनी नवऱ्याला बजावलं. "मंडळाच्या सगळ्या बायायले टीव्हीवर दाखवीन. कसा नाही माह्या हाताले गुण, ते पाहूनच घेऊ दे त्यायले."

मुलगी रिता पुण्याला. गाडी चालवताना हेल्मेटवर लावायचा तिचा काडेपेटीएवढा कॅमेरा मागल्या सुट्टीत घरीच राहिला होता. तिने फोनवर बापाला शिकवलं, "बाबा, त्यात टाइमलॅप्स लावा. तो आपोआप फोटो काढत राहतो. रात्रभराचं फूल अर्ध्या मिनिटात उमलतं."

श्यामरावांची सगळी नोकरी कारखान्यात मालाच्या तपासणीत गेलेली. डाग दिसला की माल बाद, मग तो कोणाचाही असो. कळी फुगली त्या संध्याकाळी त्यांनी चाचणी घेतली आणि मोबाइलवर चित्र पाहून त्यांचं कपाळ आकसलं. कळीच्या बरोब्बर माथ्यावर हिरवट उजेडाचं एक कडं, आणि त्यातून निघालेल्या तिरप्या रेघा.

"डाग आहे," त्यांनी निकाल दिला.

"मले तं छान दिसून राहिलं," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

"डागाले छान म्हणत नाही, बापा!"

बाईंनी वाद घातला नाही. नवरा रिताला फोन लावायला आत गेला तेवढ्यात त्यांनी ते चित्र भजन मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिलं. बघता बघता हात जोडलेल्या खुणांची रीघ लागली. "माय व, कळीवर तेज उतरलं!" कोणीतरी लिहिलं. मग सगळ्यांनीच तेज, तेज लिहिलं. रत्नाबाईंनी काहीच लिहिलं नाही, त्यामुळे चंद्रकलाबाईंना फारच बरं वाटलं. श्यामराव त्या ग्रुपवर नव्हते. असते तर पुढचं काही घडलंच नसतं.

रिता म्हणाली, "बाबा, तो फ्लेअर आहे. समोरचा उजेड भिंगात घुसतो. भिंग पुसा, वरची जादा काच काढा, अन् उजेड अडवा."

श्यामरावांनी भिंग पुसलं. काच काढली. कॅमेऱ्याचा लुकलुकणारा लाल दिवा काळ्या चिकटपट्टीने झाकला. काळ्या कागदाचं झापड लावलं, तर कॅमेऱ्याची नजर एवढी रुंद की झापडच फोटोत आलं. कडं बारीक झालं, पण जाईना. शेवटी मूळ सापडलं. तो रत्नाबाईंच्या ओसरीतला बल्ब, उघडाबोडका लटकत होता. कॅमेरा उलट्या बाजूने लावावा, तर कळीच्या मागे दोरीवर खुद्द श्यामरावांचे बनियन. आणि कळी धरलेली कुंडी हलवायची नाही, हा बाईंचा हुकूम.

दुसऱ्या दिवशी, फूल उमलायचं त्या संध्याकाळी, ते रत्नाबाईंच्या दारात गेले.

"वहिनी, आजच्या रातीले ओसरीतला लाईट बंद ठेवता का?"

"कायले जी भाऊजी? पावसाचे दिवस, साप-किरडू निंगते. अंधारात कोणाले चावलं मंग?"

सापापुढे श्यामरावांचं काय चालणार! ते परतले आणि आपल्या ओसरीच्या दोन खांबांमध्ये काळी घोंगडी ताणून बांधली. बल्ब झाकला गेला. त्याबरोबर रत्नाबाईंना इकडचं दिसणंही बंद झालं. आता समोरच्या माणसाने तोंडावर घोंगडी टांगल्यावर कोण गप्प बसेल? सगळ्या गल्लीत आवाज गेला. "आमची नजर लागंल म्हणून पडदा लावला का व? पान कोणाचं आहे, विसरली का?"

चंद्रकलाबाई नवऱ्यावर कडाडल्या, "तुमच्या डागापायी माही इज्जत चालली!" आणि त्या समजूत काढायला धावल्या. समजूत निघाली, ती अशी की रत्नाबाई सगळं भजन मंडळ घेऊन दर्शनाला आल्या. प्रत्येकीच्या हातात ताट, ताटात पेटलेलं निरांजन.

"दिवे विझवा!" श्यामराव ओरडले.

"अवो, देवाचे दिवे आहेत!"

"देवाचे असो का कोणाचे, भिंगात घुसून राहिले!"

शेवटी तडजोड झाली. कॅमेऱ्यामागे एक मिणमिणता दिवा ठेवून बायकांनी अंधारात भजन म्हटलं. एकीने चाचपडत प्रसाद म्हणून रांगोळी तोंडात टाकली. पण फूल उमललं, आणि असं उमललं की भजन थांबलं. चंद्रकलाबाईंचे डोळे भरून आले. श्यामरावांना मात्र ते दिसलं नाही. ते घोंगडीची गाठ धरून, तिकडे पाठ करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळ टीव्हीपुढे जमलं. चिवडा फिरला. फिल्म लागली. काळ्याभोर अंधारात पाकळीवर पाकळी उलगडत गेली. कुठे रेघ नाही, कडं नाही. श्यामराव भिंतीला टेकून शाबासकीची वाट पाहत राहिले.

शेवटी रत्नाबाई म्हणाल्या, "फूल बरं आहे. पण तेज कुठं गेलं व, चंद्रकला?"

"हो ना! परवाच्या फोटोत केवढं होतं!"

"पडदे लावल्यावर देव कायले येते?"

चंद्रकलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मोबाइल पुढे झाले, आणि श्यामरावांना आपलाच बाद केलेला माल दिसला, खाली जोडलेल्या हातांसकट. नोकरीभराचा अभिमान उसळून आला.

"अवो, तेज कायचं? डाग होता तो!"

बाई डोळे वटारत होत्या, पण आता ते थांबणार थोडेच? "वहिनींच्या ओसरीतला बल्ब आहे ना, तो भिंगात घुसत होता. त्याचंच कडं ते. घोंगडी बांधली, खतम झालं!"

रत्नाबाईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या तोंडावर हळूहळू जो उजेड पसरला, तो कोणत्याही घोंगडीने अडला नसता.

"म्हणजे तेज आमच्या घरचं होतं तं!" त्या म्हणाल्या. "पान आमचं, तेजही आमचंच." आणि उठताना त्यांनी चंद्रकलाबाईंच्या पाठीवर मायेने हात ठेवला. "पुढच्या कळीले सांगजो बाई. रातभर लाईट चालू ठेवीन. लाजू नको."

बायका गेल्या. श्यामराव कप गोळा करू लागले. जरा वेळाने त्यांनी भीत भीत विचारलं, "फिल्म साफ होती ना पण?"

चंद्रकलाबाई कुंडीजवळ उभ्या होत्या. पानाच्या कडेला त्यांना काहीतरी इवलंसं दिसलं होतं.

"आणखी एक कळी धरली," त्या न वळता म्हणाल्या. "उद्या भंडाऱ्याले जा, अन् एक बल्ब आणा. त्यायच्याहून मोठा."